कर भरला नाही, तर परतावा कसला?

जो माणूस एक डॉलरही आयकर भरत नाही, त्याला सरकारने आयकराचा परतावा का द्यावा? मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने लाभांशावरचा रोख परतावा बंद करण्याची योजना मांडली, तेव्हा तिचा सारा भार या एका प्रश्नावर होता. प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. समोरून, म्हणजे तेव्हा सत्तेत असलेल्या लिबरल-नॅशनल आघाडीकडून, आलेले उत्तरही तितकेच सुटसुटीत होते: हा ‘निवृत्तांवरचा कर’ आहे, म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास आहे. मे २०१९ च्या निवडणुकीत हे उत्तर जिंकले, मजूर पक्ष हरला, जानेवारी २०२१ मध्ये त्याने ती योजना सोडून दिली आणि विषय मिटला असे सर्वांनी धरून चालले. तो मिटलेला नाही. तिजोरीला पैसा कमी पडू लागला की कुणीतरी त्या जुन्या फायलीवरची धूळ झटकतो आणि वाद पुन्हा त्याच दोन वाक्यांत रुतून बसतो. माझे म्हणणे असे आहे की परताव्याचा नियम बदलणे यात मुळात काही वावगे नव्हते; पण जो बदल सुचवला गेला तो अन्यायाचा होता. खोट परताव्यात नव्हतीच. ती निवृत्तिनिधीच्या उत्पन्नाला लावलेल्या शून्य टक्के दरात होती, आणि तिला हात लावायची तयारी कुणाचीच नव्हती.

आधी हिशेब समजून घेऊ, कारण या वादातली निम्मी वाफ हिशेब न समजल्यामुळे निघते. मोठ्या कंपनीने १०० डॉलर नफा कमावला की ती ३० टक्के दराने ३० डॉलर कर भरते आणि उरलेले ७० लाभांश म्हणून वाटू शकते. या ७० डॉलरबरोबर भागधारकाच्या नावावर ३० डॉलरची एक नोंद येते, तिला फ्रँकिंग क्रेडिट म्हणतात. आता नीट पाहा: विवरणपत्रात भागधारकाचे उत्पन्न ७० धरले जात नाही, १०० धरले जाते. त्या १०० वर त्याच्या स्वतःच्या दराने कर काढायचा आणि त्यातून आधीच भरले गेलेले ३० वजा करायचे. ज्याचा दर ४५ टक्के, तो वरचे १५ भरतो. ज्याचा दर ३० टक्के, त्याचे देणे-घेणे तिथेच संपते. निवृत्तिनिधी, म्हणजे तिथल्या भाषेत ‘सुपर’, सदस्य नोकरीत असेपर्यंत १५ टक्के कर देतो. त्याला १५ परत मिळतात. आणि ज्याचा दर शून्य, त्याला तीसच्या तीस परत. भांडण फक्त या शेवटच्या दोघांचे आहे. पहिल्या दोघांच्या क्रेडिटला कुणीही हात लावणार नव्हते.

ही पद्धत आली कुठून? १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियात कंपनीचा कर ४६ टक्के होता आणि व्यक्तीचा सर्वोच्च दर ६० टक्के. शंभरातले ४६ कंपनीच्या दारात जायचे, उरलेल्या ५४ वर वरच्या पायरीवरचा भागधारक पुन्हा साठ टक्के द्यायचा, आणि शेवटी हातात जेमतेम २२ यायचे. हॉक सरकारचे अर्थमंत्री पॉल कीटिंग यांनी १ जुलै १९८७ पासून ही दुहेरी आकारणी बंद केली. नफा एकच आहे, त्यावर कर एकदाच लागेल आणि तो ज्याच्या खिशात अखेर पैसा जातो त्याच्या दराने लागेल, असे तत्त्व ठरले. मात्र त्यात एक कोपरा उघडा राहिला. ज्याचा दर कंपनीच्या दरापेक्षा कमी होता, त्याचे उरलेले क्रेडिट वाया जायचे. २००० साली हॉवर्ड सरकारचे अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो यांनी तो कोपरा भरला आणि उरलेली रक्कम रोख परत मिळू लागली. मजूर पक्षाने तेव्हा त्याला विरोध केला नव्हता.

आता परताव्याच्या विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो, कारण तो भक्कम आहे हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिने भरलेला कर हा तिचा कर; भागधारकाने तो भरलेलाच नाही. आपल्याकडेही पन्नाशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते. चहाच्या कंपन्यांच्या एका मुंबईकर भागधारक बाईंचे म्हणणे होते की कंपनीचे उत्पन्न मोठ्या भागात शेतीचे आहे, तर माझ्या लाभांशाचाही तेवढा भाग शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त असावा. न्यायालयाने ते मानले नाही: कंपनीची मालमत्ता भागधारकाची नसते, तिचे उत्पन्न तिचे असते आणि लाभांश हा वेगळा पैसा असतो. मग कंपनीने भरलेला कर भागधारकाला ‘परत’ कसा करणार? जे त्याने दिलेच नाही ते परत येईल कसे? याच कारणाने आपल्या टीडीएसच्या परताव्याशी याची बरोबरी करता येत नाही. टीडीएस कापला जातो तो भागधारकाच्या स्वतःच्या उत्पन्नातून.

हा युक्तिवाद पूर्ण खरा धरला तर तो शून्य करवाल्यापाशी थांबत नाही. कंपनीचा कर कंपनीचाच असेल, तर ४५ टक्के दर असलेल्या बड्या भागधारकालाही ३० ची वजावट मिळता कामा नये. त्याने तरी तो कर कुठे भरला होता? पण त्याची वजावट शाबूत राहणार होती. म्हणजे श्रीमंताच्या बाबतीत कायदा कंपनीच्या भिंतीतून आरपार पाहणार आणि कमी उत्पन्नवाल्याच्या बाबतीत तीच भिंत दगडी होणार. शिवाय सरकार त्या माणसाच्या उत्पन्नात ७० नव्हे, १०० मोजते. तीस डॉलर त्याचे उत्पन्न म्हणून धरायचे, आणि हिशेबाची वेळ आली की ते त्याचे नव्हतेच म्हणायचे, हे कोणत्या न्यायात बसते? १९८७ साली देशाने ठरवले की कंपनीचा कर ही भागधारकाच्या कराची आगाऊ रक्कम आहे. हे तत्त्व नको असेल तर सर्वांसाठी मोडा. निम्मे ठेवून निम्मे मोडायचे असेल, तर कुठले निम्मे ठेवले याचे उत्तर द्यावेच लागते.

भारताने हा अनुभव वेगळ्या वाटेने घेतला आहे. १९९७ मध्ये आपल्याकडे लाभांश वितरण कर आला. कर कंपनीकडूनच घ्यायचा आणि भागधारकाच्या हातात लाभांश करमुक्त. दिसायला सोपे होते, मधले एक वर्ष सोडले तर ते २०२० पर्यंत चालले, आणि शेवटी अधिभार-उपकर धरून तो भार वीस टक्क्यांच्या वर गेला होता. त्याचा अर्थ काय झाला? ज्या विधवेचे वर्षाचे सारे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत होते, तिच्या लाभांशातूनही तेवढाच कर कापला गेला जेवढा एखाद्या उद्योगपतीच्या लाभांशातून. तिला परतावा मागायची सोयच नव्हती, कारण कागदोपत्री तिने कर भरलाच नव्हता! २०२० च्या अर्थसंकल्पात तो कर रद्द झाला आणि लाभांश पुन्हा ज्याच्या-त्याच्या दराने करपात्र झाला, तेव्हा मोठ्या भागधारकांचा भार वाढला आणि लहानांचा कमी झाला. सपाट कर तळाच्या माणसाला सर्वांत जास्त लागतो, हे तेवीस वर्षांच्या अनुभवातून आपण शिकलो. परतावा काढून टाकल्यावर ऑस्ट्रेलियात लाभांशावर तसाच एक सपाट कर उभा राहणार होता, तीस टक्क्यांचा, आणि तोही फक्त तळाकडच्यांसाठी. वरच्यांना त्यांचा जुना चढता दर तसाच.

दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक सदुसष्ट वर्षांची एकटी बाई; ‘सुपर’ नावाला, आयुष्यभराची बचत शेअरमध्ये. तिला वर्षाला २१ हजार डॉलर लाभांश येतो, त्याच्यासोबत ९ हजारांचे क्रेडिट. करखात्याच्या दृष्टीने उत्पन्न ३० हजार. ज्येष्ठांच्या सवलती धरता एकट्या व्यक्तीला तेव्हा सुमारे ३२ हजारांपर्यंत आयकर लागत नव्हता, म्हणून ९ हजार परत मिळायचे. दुसरा माणूस वर्षाला २ लाख पगार घेणारा, तेवढेच शेअर बाळगणारा. मजूर पक्षाच्या मूळ योजनेत बाईचे ९ हजार गेले असते. त्या माणसाचा एक सेंटही गेला नसता, कारण त्याच्याकडे क्रेडिट वळते करायला पगारावरचा कर होता. आता त्याच बाईने शेअर विकून बँकेत ठेव ठेवली असती आणि ३० हजार व्याज मिळवले असते, तर तिला शून्य कर. पैसा तेवढाच आणि मालकीण तीच, मग नुसते गुंतवणुकीचे नाव बदलल्याने ९ हजारांचा फरक का पडावा?

यावर लगेच प्रश्न येतो की अशा बाया किती. परताव्याचा मोठा हिस्सा स्वतःचे ‘सुपर’ स्वतः चालवणाऱ्या सधन मंडळींच्या निधींना जातो, आणि विवरणपत्रावर गरीब दिसणारे कित्येक निवृत्त प्रत्यक्षात गरीब नाहीत. हे मी मान्य करतो, का-कू न करता. २००० साली या परताव्याचा खर्च वर्षाला ५५ कोटी डॉलरच्या आसपास अपेक्षित होता, तो पुढे ५ अब्जांच्या घरात गेला, ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. पण तो फुगला कशाने? माझ्या मते त्याचे मुख्य कारण २००० च्या निर्णयात नाही, २००७ च्या निर्णयात आहे. १ जुलै २००७ पासून साठी ओलांडलेल्यांनी ‘सुपर’मधून काढलेला पैसा पूर्ण करमुक्त झाला आणि विवरणपत्रातूनही नाहीसा झाला. ज्या निधीतून निवृत्तिवेतन सुरू झाले त्याच्या कमाईवर तर आधीपासूनच शून्य कर होता. म्हणजे वर्षाला ८० हजार आरामात खर्च करणारा माणूस करखात्याला बिनउत्पन्नाचा दिसू लागला. त्याच्या हातात परतावा पडतो तो याच शून्यामुळे. शून्याला तीसमधून वजा केले की तीसच उरणार! वजाबाकी बरोबर आहे. त्या रकान्यात शून्य कुणी लिहिले, हे विचारायला हवे होते. ते न विचारता सगळ्यांनी वजाबाकीलाच दोष दिला.

मजूर पक्षाला आपल्या योजनेतली अडचण आठवडा-दोन आठवड्यांतच जाणवली असावी, कारण मार्च संपायच्या आत त्याने सुधारणा जाहीर केली: सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना परतावा मिळत राहील. हेतू चांगला होता. पण तिने अन्यायाची नवी रेघ ओढली. ज्याला सरकारी निवृत्तिवेतनाचा चतकोर का होईना वाटा मिळतो त्याचा परतावा पूर्ण शाबूत, आणि ज्याची मालमत्ता मर्यादेच्या थोडीशी वर आहे त्याचा पूर्ण बंद. स्वतः चालवलेल्या छोट्या निधीच्या बाबतीत तर नियम असा की २८ मार्च २०१८ च्या आधी त्यात एक तरी सरकारी निवृत्तिवेतनधारक असेल तर सूट. त्यानंतर निवृत्तिवेतन सुरू झालेल्या शेजाऱ्याच्या निधीला नाही. एकाच गल्लीतल्या, सारख्याच ऐपतीच्या दोन जोडप्यांना पंचांगातल्या एका तारखेने वेगळे करायचे, आणि त्याला न्याय्य करव्यवस्था म्हणायचे?

दुसरी गोष्ट मला त्याहून खटकते. जे मोठे सामाईक निधी असतात, त्यांत तरुण नोकरदारांच्या वर्गणीवर आणि कमाईवर कर लागत असतो. अशा निधीला परताव्याची गरजच पडत नाही; निवृत्त सदस्यांच्या वाट्याचे क्रेडिट तरुणांच्या करापोटी वळते होते आणि निवृत्तालाही त्याचा लाभ पोचतो. तेच शेअर, तेच वय, तीच रक्कम. एकाचा पैसा मोठ्या निधीत म्हणून क्रेडिट सुरक्षित, दुसऱ्याचा स्वतःच्या छोट्या निधीत म्हणून बुडीत. ज्यांच्याकडे सल्लागार होते ते अर्थातच पैसा हलवणार होते: परदेशी शेअरांत, रोख्यांत, मालमत्तेच्या न्यासांत, नाहीतर सामाईक निधीत. हलू न शकणारा कोण उरतो? सल्लागार परवडत नाही तो.

परदेशांचे दाखले त्या काळात खूप दिले गेले. जगात असा रोख परतावा जवळजवळ कुणीच देत नाही, हे खरे आहे. जर्मनीने १९७७ मध्ये क्रेडिटची पद्धत आणली आणि शतक उलटताच सोडली. पण जर्मनीने ती सर्वांसाठी सोडली. फक्त गरीब भागधारकाचे क्रेडिट काढून घेऊन श्रीमंताचे ठेवले नाही. न्यूझीलंडचे उदाहरण जास्त जवळचे आहे: तिथे क्रेडिट आहे, रोख परतावा नाही. मात्र तिथे करमुक्त पायरीच नाही, पहिल्या डॉलरपासून कर लागतो, आणि न वापरलेले क्रेडिट पुढच्या वर्षी नेता येते. ब्रिटनचा धडा मला सर्वांत बोलका वाटतो. जुलै १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी निवृत्तिनिधींना लाभांशावर मिळणारा परतावा एका अर्थसंकल्पात बंद केला. त्यावर मोर्चे निघाले नाहीत, कारण घाव निधीच्या हिशेबवहीत बसला, घरोघरच्या पाकिटात नाही. त्याची कुरकुर पुढे अनेक वर्षे चालू राहिली. पण त्याच ब्राउन यांनी धर्मादाय संस्थांचा परतावा बंद करताना २००४ पर्यंत टप्प्याटप्प्याने भरपाई दिली होती. ज्याला नवी तजवीज करणे अवघड आहे त्याला वेळ द्यावा लागतो, एवढे तरी तिथे ओळखले गेले. ऑस्ट्रेलियात घोषणेपासून अंमलापर्यंत पंधरा महिने होते. १ जुलै २०१९ ला परतावा एकदम शून्यावर येणार होता.

आता ज्यांच्या बाजूने मी अर्धा उभा दिसतो, त्यांच्याशीही माझे भांडण आहे. परतावा हा आमचा हक्काचा पैसा, तो घेणे ही चोरी, हा त्यांचा घोष होता. संसदेच्या अर्थविषयक समितीने या योजनेवर गावोगावी सुनावण्या घेतल्या आणि त्यांना प्रचारसभांचे रूप आल्याची टीका झाली, ती अकारण नव्हती. कोणताही करनियम हा सरकारने नागरिकाला लिहून दिलेला तहनामा नसतो. हीच लिबरल-नॅशनल आघाडी सत्तेत असताना १ जानेवारी २०१७ पासून सरकारी निवृत्तिवेतनाच्या मालमत्ता-चाचणीची (मालमत्ता जितकी जास्त तितके निवृत्तिवेतन कमी, या नियमाची) उतरण दुप्पट कडक झाली आणि अनेक मध्यम ऐपतीच्या वृद्धांचे निवृत्तिवेतन घटले किंवा बंद झाले. त्याच वर्षी जुलैपासून करमुक्त निवृत्तिखात्यात नेता येणाऱ्या रकमेवर १६ लाख डॉलरची मर्यादा आली. तेव्हा त्याला कुणी चोरी म्हटले नाही. आणि पाहा, पहिल्या बदलाने ज्यांचे निवृत्तिवेतन गेले तेच लाभांशावर आणि परताव्यावर जास्त विसंबले, आणि वर्षभराने मजूर पक्षाची योजना नेमकी त्यांच्याच अंगावर आली. दोन्ही पक्षांनी मिळून एकाच थराला दोनदा गाठले. एकमेकांवर ओरडण्याच्या नादात हे कुणी बोललेच नाही.

राज्याने दिलेला शब्द मोडावा का, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. संस्थानिकांचे तनखे घटनेत लिहून दिलेले होते. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते बंद झाले. शब्द मोडला म्हणून सर्वसामान्य माणसाने गळा काढला नाही, कारण ज्यांच्यावर ते ओझे पडले ते बहुतेक ते पेलू शकत होते. म्हैसूरला वर्षाला २६ लाख मिळायचे. (त्याच यादीत वर्षाला १९२ रुपये घेणारे काठियावाडातले कटोदियाही होते, ही बाजू कधी फारशी सांगितली जात नाही.) म्हणून बदल न्याय्य की अन्याय्य हे ठरवताना शब्द मोडला की नाही यावर मी थांबत नाही. तो कुणाच्या माथी पडतो, आणि पेलणारे त्यातून निसटतात का, एवढे मी पाहतो. परताव्याच्या योजनेत म्हैसूर निसटत होते आणि कटोदिया सापडत होते.

पैशाची गरज खोटी होती असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांत ५५ अब्जांहून अधिक डॉलर वाचतील असा हिशेब होता, आणि त्याच्या जोरावर कर्करोग्यांचा उपचारखर्च, वृद्धांचे दंतोपचार अशी आश्वासने दिली गेली होती. ती कामे व्हायलाच हवी होती. पण पैसा हवा तर तो नळ सुटला आहे तिथे जाऊन धरायचा. निवृत्तिवेतन देणाऱ्या निधीच्या कमाईवर एका ठरावीक मर्यादेच्या वर १५ टक्के कर लावला असता, तर परताव्याच्या कायद्यातला एक शब्दही न बदलता त्या भागावरचा परतावा आपोआप निम्मा झाला असता. १०० वर १५ कर, ३० आधीच भरलेले, १५ परत. तो शेअरला लागला असता, ठेवीला लागला असता, भाड्याला लागला असता. छोट्या निधीला आणि मोठ्या निधीला सारखाच लागला असता. आणि ‘सुपर’बाहेर २१ हजार लाभांशावर जगणाऱ्या त्या बाईला तो शिवलाही नसता. हे सांगायला अवघड होते का? मला नाही वाटत. पण ‘कर भरला नाही तर परतावा कसला’ हे जास्त टाळ्या घेणारे होते, आणि शून्याला हात लावतो म्हणणे मतपेटीला जास्त धोक्याचे.

त्यानंतर काय झाले? २०२३ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने शेअरची फेरखरेदी आणि नवे भांडवल उभारून वाटलेला लाभांश यांच्यावरच्या क्रेडिटला आळा घातला. ती दुरुस्ती तत्त्वाला धरून होती, कारण तिथे क्रेडिटचा व्यापार होत होता. त्याच वर्षी ३० लाख डॉलरपेक्षा मोठ्या ‘सुपर’ खात्यांच्या कमाईवर जादा कर जाहीर झाला. न विकलेल्या मालमत्तेच्या वाढीवरही तो लावायचा होता, ते कलम गदारोळानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये मागे घेतले गेले. म्हणजे बोट हळूहळू योग्य जागी सरकते आहे. पण त्या ३० लाखांच्या खाली काय? निवृत्तिखात्याची मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाख डॉलर झाली. एवढी रक्कम खात्यात ठेवून निवृत्त झालेला माणूस तिच्या कमाईवर आजही शून्य टक्के कर देतो, शेअर असोत, ठेव असो की दुकानाचे भाडे, आणि पस्तिशीतली परिचारिका रात्रपाळीच्या जादा तासांच्या प्रत्येक डॉलरवर तीस सेंट देते. २०१८ पासून चाललेल्या एवढ्या आरडाओरड्यात तिचे नाव अजून एकदाही निघालेले नाही.